एकदाच फिरवा: घरी स्ट्रेटनर आणि ड्रायर वापरायला शिकताना

तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडलं की चर्र होतं ना, तोच आवाज परवा माझ्या पार्लरमध्ये एका मुलीच्या केसांतून आला. केस मी करत नव्हते, तीच करत होती. ऑनलाइन मागवलेला नवाकोरा स्ट्रेटनर पिशवीतून घेऊन आली आणि ‘ताई, मी कुठं चुकतेय तेवढं बघून सांगा की’ म्हणत खुर्चीत बसली. सकाळी न्हाऊन आलेली. वरून केस कोरडे. मानेजवळ हात घातला तर आतून दमट. स्ट्रेटनरच्या तापमानाचा आकडा २३० वर. चर्र झालं, वाफ निघाली आणि बाईसाहेब खूश. ‘वाफ येतीय म्हणजे बसतायत केस!’

ती वाफ तिच्याच केसांतल्या पाण्याची होती. केसाच्या आत अडकलेलं पाणी एकदम उकळलं की वाफेला बाहेर पडायला वाट मिळत नाही, मग ती आतल्या आत फुगे करते. सूक्ष्मदर्शकाखाली असा केस भाजलेल्या पापडासारखा फोड आलेला दिसतो. त्वचारोगतज्ज्ञ त्याला ‘बबल हेअर’ म्हणतात. फुगा आला तिथे केस पोकळ, आणि पोकळ झाला तिथे तो कंगव्यात तुटणार.

सांगलीच्या विश्रामबागेत माझं दोन खुर्च्यांचं पार्लर आहे, चौदा वर्षं झाली. पूर्वी बायका केस सरळ करून घ्यायला यायच्या. आता घरी सरळ करताना बिघडलेले केस दाखवायला येतात. विलिंग्डन, वालचंद कॉलेजच्या मुलींपासून ते लेकीच्या लग्नात पहिल्यांदा हे मशीन हातात धरणाऱ्या काकूंपर्यंत सगळ्यांना मी जे सांगते, तेच इथे लिहितेय. केस पूर्ण कोरडे, आकडा आपल्या केसांपुरता आणि एका बटेवरून मशीन एकदाच. बाकीची सगळी उठाठेव हे तीन नियम पाळता यावेत म्हणून.

आधी आपला केस ओळखा

मशीन घ्यायला बाजारात जाण्याआधी विंचरताना निघालेला एक केस घ्या आणि शिवणाच्या दोऱ्याशेजारी धरा. मग अंगठा आणि तर्जनीत तो फिरवून बघा. बोटांना जाणवतच नसेल तर केस बारीक आहे. स्पष्ट जाणवत असेल, दोऱ्याची आठवण येत असेल, तर जाड. मधला असेल तर मधला. ‘माझे केस दाट आहेत’ आणि ‘माझे केस जाड आहेत’ यांत फरक आहे. डोक्यावर भरपूर केस असून एकेक केस रेशमासारखा बारीक असणाऱ्या बायका मी रोज बघते, आणि त्याच सर्वांत जास्त आकडा लावून बसतात.

यावरून तापमान ठरतं. बारीक, रंगवलेले किंवा ब्लीच केलेले केस असतील तर १२० ते १५० अंश सेल्सिअस. मध्यम असतील तर १५० ते १८०. जाड, राठ, घट्ट कुरळे असतील तर १८० ते २००. दोनशेच्या वर घरात जायचं कारण नाही. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो, आणि दोनशेच्या पुढे ते प्रथिनच जळकं होऊ लागतं. जळलेल्या केसाचा तो उग्र वास केराटिनमधल्या गंधकाचा. वास आला म्हणजे केस गरम होत नव्हता, जळत होता.

बऱ्याच मशीनवर आकडे फॅरेनहाइटमध्ये असतात आणि लोक घाबरतात किंवा उलट बेफिकीर होतात. ३५० फॅरेनहाइट म्हणजे साधारण १७७ सेल्सिअस. ४५० म्हणजे २३२. पेटीवर ‘४५० पर्यंत तापतं’ असं मोठ्या अक्षरांत छापतात, जणू ते फार कौतुकाचं आहे.

आणखी एक हिशेब करून बघा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. पाठीवर रुळणारा केस ५० सेंटिमीटर असेल, तर त्याचं टोक डोक्यातून बाहेर आलं त्याला चार वर्षं झाली. चार वर्षांचं ऊन, चार वर्षांचा कंगवा, चार दिवाळ्यांची उटणी त्याने सोसलीत. मुळाजवळच्या दोन महिन्यांच्या केसाला जे चालतं ते टोकाला चालत नाही. म्हणून मशीन टोकाशी आलं की हात थांबवायचा नाही, उलट थोडा लवकर सोडायचा. नवशिके बरोबर उलटं करतात: टोकं वाकडी दिसतात म्हणून तिथेच दाबून धरतात.

काय घ्यायचं

एकच वस्तू घ्यायची असेल तर ड्रायर घ्या, स्ट्रेटनर नंतर. निम्म्या बायकांना सरळ केस नको असतात, फक्त फुगलेले नको असतात, आणि ते काम ड्रायर, गोल ब्रश आणि पाच मिनिटांत होतं.

ड्रायरवर तीन गोष्टी बघायच्या: उष्णतेचे निदान दोन टप्पे, थंड हवेचं बटण आणि पुढे लावायचं चपटं तोंड. कुरळे केस असतील तर डिफ्यूझर, म्हणजे भोकाभोकांची परडी, सोबत येते का तेही विचारा. वॉट मात्र घराच्या वायरिंगकडे बघून ठरवा. १२०० वॉटचा ड्रायर साधारण सव्वापाच अँपिअर खेचतो, म्हणजे सहा अँपिअरच्या साध्या पॉइंटला जेमतेम चालतो. २००० वॉटचा जवळपास नऊ अँपिअर खेचतो. त्याला १६ अँपिअरचा मोठा पॉइंट लागतो, गिझरला असतो तो. गावभागातल्या जुन्या वाड्यांत असा पॉइंट न्हाणीघराशिवाय कुठे नसतो, आणि न्हाणीघरात ओल्या फरशीवर उभं राहून ड्रायर चालवणं म्हणजे जिवाशी खेळ. पॉइंट बाहेर काढून घ्या. टीव्ही, मिक्सर लावलेल्या एक्स्टेन्शन बोर्डात ड्रायर खुपसू नका. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर तर अजिबात नाही. पंखे-दिव्यांसाठी बसवलेला घरचा लहान इन्व्हर्टर त्या भाराला लगेच हात टेकतो. स्ट्रेटनरचं तसं नाही, तो तीस-साठ वॉटचा असतो.

परदेशातून आलेली वस्तू असेल तर आधी तिच्या मुठीवरची बारीक अक्षरं वाचा. माझ्या मावसबहिणीने अमेरिकेतून हौसेने ड्रायर आणला होता. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. ॲडॉप्टर लावला म्हणजे झालं असं आम्हाला वाटलं, पण ॲडॉप्टर फक्त पिना बदलतो, व्होल्ट नाही. सुरू केला तेव्हा विमानासारखा आवाज आला, आतली तार लालभडक झाली आणि दहा सेकंदांत घरभर धूर. ‘१००–२४०’ असं लिहिलेलं असेल तरच आपल्याकडे लावायचं.

स्ट्रेटनर घ्यायचा असेल तर आकडा दाखवणारा, तो कमी-जास्त करता येणारा आणि काही वेळाने आपोआप बंद होणारा घ्या. फक्त चालू-बंद बटण असलेलं स्वस्त मशीन किती तापतं ते त्यालाच माहीत. घरात असं एखादं असेलच तर जुन्या कारागिरांची युक्ती करा: पांढरा टिश्यू पेपर प्लेटमध्ये पाच सेकंद धरा. पिवळा-तपकिरी पडला तर ते मशीन केसांना लावायचं नाही.

प्लेट सिरॅमिकच्या की टायटॅनियमच्या, हा प्रश्न दुकानात हमखास येतो. शिकणाऱ्याने सिरॅमिक घ्यावं. ते सगळीकडे सारखं तापतं. टायटॅनियम पटकन आणि जोरात तापतं, ते सरावलेल्या हाताचं काम. स्वस्त मशीनमध्ये ‘सिरॅमिक’ म्हणजे ॲल्युमिनियमवर दिलेला नुसता थर असतो. त्याचा टवका उडाला की तेवढी जागा जास्त तापते आणि केस अडकतो. म्हणून मारुती रोडला किंवा हरभट रोडला दुकानात घेत असाल तर पेटी उघडून प्लेटवरून नख फिरवा, दोन्ही प्लेट मिटून उजेडाकडे धरा. मधून फट दिसली तर दुसरा मागा. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू दे. लावून दाखवायला सांगा, आयएसआयची खूण बघा, बिल घ्या. खांद्यापर्यंतच्या केसांना इंचभर रुंदीची प्लेट पुरते. लांब आणि दाट केसांना दीड इंच.

सुती साडीची गोष्ट

इस्त्री जिला येते तिला केस सरळ करणं निम्मं येतंच. सुती साडी धुतली की चुरगळते, इस्त्री फिरवली की सपाट होते, घामाने भिजली की पुन्हा चुरगळते. केसाचंही तसंच. आतल्या प्रथिनांच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. हे बंध पाण्याने आणि उष्णतेने सुटतात, आणि केस थंड, कोरडा झाला की ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. थंड होईपर्यंत आकार पक्का होत नाही, आणि ओलावा लागला की जुना आकार परत येतो. या एका गोष्टीतून पुढच्या सगळ्या युक्त्या निघतात.

फरक एवढाच की साडीवर आपण पाणी शिंपडून इस्त्री फिरवतो. केसांवर ते करायचं नाही. कापूस तेवढी वाफ सोसतो, केस नाही. ‘वेट टू ड्राय’ लिहिलेले, प्लेटमधून वाफ बाहेर सोडणारे स्ट्रेटनर मिळतात. माझं मत विचाराल तर नवशिक्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

धुणं आणि वाळवणं

इथे घाई झाली की पुढचं सगळं बिघडतं, म्हणून जरा सविस्तर.

पाणी कसलं आहे ते बघा. महापालिकेचं कृष्णेचं पाणी असेल तर फारसा त्रास नाही. बोअरचं असेल तर शॅम्पूला फेस येत नाही आणि केस वाळल्यावर सुतळीसारखे लागतात. ते क्षार केसांवर बसतात, आणि त्यावर स्ट्रेटनर फिरवला की खरखरत जातो. जिथे उसाच्या पाण्याने रानंच्या रानं क्षारपड झाली, तिथे डोकं तरी कसं सुटेल! अशा घरांत शेवटचे दोन तांबे नळाच्या किंवा आरओ फिल्टरच्या पाण्याचे घ्यायचे, आणि कंडिशनर चुकवायचा नाही.

केस टॉवेलने चोळू नका. घरात वडिलांचा जुना, मऊ झालेला पंचा असतो, त्याच्यासारखी दुसरी वस्तू नाही. केस त्यात गुंडाळून दाबायचे, दहा मिनिटं तसेच ठेवायचे. आमच्या आज्या ओले केस पंच्याने झटकायच्या तो फटफट आवाज कानाला गोड, पण ओला केस कोरड्यापेक्षा कमजोर असतो आणि त्या फटक्यांत तुटतो.

मग मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकापासून वर वर गुंता काढा. केस बऱ्यापैकी सुकले की ड्रायर. मधली उष्णता, चपटं तोंड लावलेलं, केसांपासून वीतभर लांब, आणि हवेचा झोत मुळाकडून टोकाकडे. केसावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात, त्यांची तोंडं टोकाकडे. झोत खालून वर मारला की कौलं उचकटतात आणि केस फुगतात. हात सतत हलता हवा.

‘ड्रायरपेक्षा वाऱ्यावर वाळवलेलं बरं’ असं सगळेच सांगतात. २०११ साली कोरियातल्या संशोधकांनी हे तपासून पाहिलं. ड्रायरने केसाच्या वरच्या पापुद्र्याला इजा जास्त होते हे खरं निघालं. पण आपोआप वाळणाऱ्या केसांत, ते फार वेळ ओले राहिल्याने, आतल्या पेशींना सांधणारा थर बिघडलेला दिसला. १५ सेंटिमीटरवरून सतत हलवत वापरलेला ड्रायर त्यांना त्यातल्या त्यात बरा वाटला. वीतभर अंतर म्हणजे साधारण तेवढंच किंवा थोडं जास्त. तेव्हा जाड वेणीच्या बायकांनी दोन दोन तास ओला अंबाडा बांधून फिरण्यात काही मोठं पुण्य नाही.

शेवटी थंड हवेचं बटण दाबून मिनिटभर फिरवा. आकार पक्का होतो.

वाळलेत का हे कसं ओळखायचं? वरून हात फिरवून कळत नाही. मानेच्या वरची आणि कानामागची बट उचलून गालाला लावा. गार लागली तर आत पाणी आहे. मग पाच मिनिटं थांबा. चहा घ्या.

तेल नको, पण काहीतरी हवं

सांगलीत न्हाण्याच्या आदल्या रात्री तेल थापल्याशिवाय घरातल्या मोठ्यांना चैन पडत नाही, आणि ते चुकीचंही नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल केसांना लावून बघितलं, तेव्हा प्रथिनांची झीज फक्त खोबरेलाने कमी झाली. म्हणजे आईचं म्हणणं बरोबर होतं. पण हे धुण्याआधीचं झालं. धुऊन वाळवलेल्या केसांवर ‘थोडं मऊ पडावं’ म्हणून पुन्हा तेलाचा हात फिरवून त्यावर १८० अंशांची प्लेट लावणं म्हणजे केस तळणं. घाण्यावरच्या खोबरेलातून साधारण १७५ अंशांच्या आसपास धूर निघायला लागतो. वर ते तेल प्लेटवर जळून काळं चिकट होतं आणि पुढच्या वेळी प्लेट अडखळते.

तेलाच्या जागी हीट प्रोटेक्टंट लावायचं. फवारा असतो किंवा क्रीम. मागे घटकांची यादी वाचा. डायमेथिकोनसारखं सिलिकॉन वरच्या तीन-चार नावांत दिसलं तर बरं. हे केसावर पातळ थर करतं, उष्णता एका जागी साचू देत नाही आणि केसापर्यंत सावकाश पोचवतं. चिलखत मात्र नाही. ‘२३० अंशांपर्यंत संरक्षण’ असं बाटलीवर लिहिलंय म्हणून आकडा २३० वर नेणं म्हणजे हेल्मेट आहे म्हणून भिंतीवर गाडी घालणं.

मुळांना लावायचं नाही, कानाच्या पातळीपासून खाली. लांब केसांना आठ-दहा फवारे. मग मोठा कंगवा फिरवायचा आणि फवारा पूर्ण सुकू द्यायचा. प्रोटेक्टंट ओलं असतानाच प्लेट लावली की पुन्हा तेच चर्र.

आता फिरवायचा

केसांचे चार भाग करा, मधोमध भांग आणि कानापासून कानापर्यंत आडवी रेघ. तीन भाग क्लिपने वर. सुरुवात मानेपासून. पहिल्यांदा करताय तर सगळ्यात आतली बट घ्या, चुकली तरी कुणाला दिसणार नाही. मी हे उशिरा शिकले. नवीन नवीन असताना मिरजेला मामेबहिणीच्या साखरपुड्याला निघायच्या आधी मी थेट कपाळावरच्या बटेपासून सुरुवात केली होती, आणि सगळ्या फोटोंत माझ्या कपाळावर दीड इंचाचा ब्रश उभा आहे.

बट किती घ्यायची? रुंदी प्लेटपेक्षा कमी. जाडी अशी की बट ताणून धरली तर पलीकडची बोटं अंधुक दिसावीत. एवढी पातळ बट कंटाळवाणी वाटते, पण जाड बट घेतली की वरचे केस भाजतात, आतले तसेच राहतात, आणि मग तुम्ही दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा फिरवता. चार वेळा १५० पेक्षा एकदा १७० परवडलं. एका फेरीत केस बसत नसेल तर आधी बट पातळ करा, मग ताण बघा, मग वेग कमी करा. तरीही नाही बसला तर दहा अंश वाढवा. याच क्रमाने.

डाव्या हातात बारीक दातांचा कंगवा, उजव्या हातात स्ट्रेटनर. मुळापासून दोन बोटं सोडून प्लेट मिटा. कंगवा प्लेटच्या लगेच पुढे, दोघं एकाच वेगाने खाली. कंगवा पुढे चालला की केस समांतर होऊनच प्लेटमध्ये शिरतात. हात थांबला की त्या जागी आडवी खाच पडते, ती दुसऱ्या फेरीशिवाय जात नाही, म्हणून थांबायचं नाही. हाताचा वेग कळत नसेल तर ५० सेंटिमीटरच्या बटेला मनात सावकाश सात-आठ अंक मोजा. प्लेट दाबायच्या नाहीत, नुसत्या मिटायच्या. लिंबू पिळत नाहीयोत आपण.

झालेली बट लगेच विंचरू नका, कानामागे खोचू नका. गार होईपर्यंत लोंबू द्या. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं डोकं करू नका. झोपताना सैल वेणी घातली तर सकाळी फक्त पुढच्या दोन बटा सावराव्या लागतात. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, याच्यावर कुणाला मी सांगत नाही.

कुरळे करायचे असतील तर

टाँगच्या, म्हणजे केस कुरळे करायच्या मशीनच्या, दांड्याचा व्यास बघा. १९ मिलिमीटरला बारीक लट येते, २५ ला मध्यम, ३२ ला मोठी लाट. पहिला घ्यायचा तर २५. बट दांड्यावर गुंडाळा, आठ-दहा सेकंद धरा, दांडा खाली ओढून काढा आणि लट तळहातावर झेला. तिथेच चकलीसारखी वळून चिमट्याने डोक्याला लावा. सगळं डोकं असं चिमट्यांनी भरलं की चहापाणी, साडी नेसणं उरका. गार झाल्यावर चिमटे काढून बोटांनी मोकळं करा, कंगव्याने नाही. गरम असताना सोडलेली लट मांडवात पोचेपर्यंत उतरते, आणि दोष मात्र मशीनला मिळतो.

लग्नात गजरा माळायचाच असतो. फुलवाल्याने तो पाण्यात बुचकळून दिलेला असतो. तसाच माळला तर पाणी झिरपून बरोबर तेवढ्याच लटा सरळ होतात, गजऱ्याखाली केसांचा सपाट पट्टा दिसतो. गजरा जुन्या कापडावर तासभर ठेवा, मागची बाजू टिपून घ्या, आणि लटांच्या वर न माळता अंबाड्याभोवती किंवा पिनांच्या ओळीवर टेकवा.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर माझं गिऱ्हाईक चिडलेलं असतं. ‘काल केले ताई, आयर्विन पुलावर जाईपर्यंत फुगले.’ फुगणारच, हवेतला ओलावा ते हायड्रोजन बंध पुन्हा सोडवतो. आकडा वाढवून हा प्रश्न सुटत नाही, आणि नेमकं तेच सगळ्या जणी करतात. केस गार झाल्यावर सिरमचे दोन थेंब तळहातावर चोळून फक्त वरून फिरवा, स्कार्फ बांधा, हेल्मेट असेल तर आतून सुती कापड घ्या. आणि खरं सांगू का, भर श्रावणात सरळ केसांचा हट्ट सोडून सागरवेणी घाला. पावसाला फसवणारी तेवढी एकच केशरचना मला माहीत आहे.

चटका आणि वायर

गरम स्ट्रेटनर गादीवर, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, आरशासमोरच्या सनमायकावर ठेवू नका. आपल्या घरांत त्याला एक उत्तम जागा आहे: स्वयंपाकघराचा कडप्पा. किंवा शहाबादी फरशीचा तुकडा आरशासमोर आणून ठेवा, माझ्या पार्लरमध्ये तोच आहे. लहान मूल घरात असेल तर बंद केलेलं मशीनही पंधरा-वीस मिनिटं त्याच्या हाताला लागू नये.

कानाच्या पाळीला, मानेला चटका बसतोच कधीतरी. वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं. मानेला असेल तर पंचा भिजवून पुन्हा पुन्हा बदलत ठेवायचा. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. आणि हळदीच्या गावात राहून सांगते, हळदही नाही. फोड मोठा आला, किंवा डोळ्याजवळ भाजलं तर डॉक्टरकडे.

वायर गरम मशीनभोवती घट्ट गुंडाळली की मुठीपाशी आतून तुटते. बहुतेक मशीन तिथेच मरतात. गार होऊ द्या, सैल वेटोळं करा. महिन्यातून एकदा गार प्लेट ओल्या कापडाने, न निघणारं काळं सर्जिकल स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, सुरीने खरवडू नका. ड्रायरच्या मागच्या जाळीत साठलेला कापसासारखा मळ काढा. तो साठला की हवा कोंडते आणि पुढून जास्त गरम झोत येतो.

कधी थांबायचं

‘स्ट्रेटनरने केस गळायला लागले’ म्हणून कुणी आलं की मी पहिल्यांदा गळलेला केस मागते. त्याच्या एका टोकाला बारीक पांढरा गोळा असेल तर तो मुळापासून आपसूक निघालाय. त्याचं कारण आजारपण, बाळंतपण, खाणंपिणं यांत शोधायचं. गोळा नसेल, दोन्ही टोकं तुटकी असतील, तर तो मधून तुटलाय आणि तिथे मशीनचा हात असू शकतो. दुसरी खूण म्हणजे केसावर मधेच दिसणारे पांढरे ठिपके. तिथून तो तुटायच्या बेतात असतो. तिसरी, एक ओला केस दोन बोटांत हळू ताणा. चांगला केस थोडा ताणून परत येतो. बिघडलेला रबरासारखा लांबतो आणि तुटतो, किंवा न ताणताच तुटतो.

यातलं काहीही दिसलं तर महिना-दोन महिने मशीन कपाटात. फाटे फुटलेलं टोक कुठल्याही सिरमने जुळत नाही, फक्त चिकटून दिसतं. ते कापावं लागतं, आणि थोडं वरून, कारण फाटा वर चढत जातो.

ती चर्रवाली मुलगी त्या दिवशी माझ्याकडून दोन बोटं केस कापून घेऊन गेली. स्ट्रेटनरवर तिने नेलपॉलिशने १६० च्या आकड्यापाशी लाल ठिपका देऊन घेतलाय. मागच्या आठवड्यात आली तेव्हा केस अर्धवट ओले होते, आणि ती मुकाट्याने पंख्याखाली बसली होती.